रोख घड्याळ, उधार महर

गेल्या महिन्यात आमच्या घरी पाहुणे आले होते. माझ्या नातवाचं लग्न ठरतंय. मुलगी अकोल्याची, शिकलेली, घराणं साधं. चहापाणी झालं, तारखेची बोलणी झाली. उठता उठता मुलीचे वडील माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्टरसाहेब, मुलाची काही इच्छा असेल तर संकोच करू नका. हल्लीची मुलं ते मोबाईलला जोडलेलं घड्याळ वापरतात. तसलं काही हवं असेल तर..."

मी नातवाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. 'हो' म्हणाला नाही. 'नको'ही म्हणाला नाही.

ती खाली घातलेली मान मी लगेच ओळखली. पन्नास वर्षांपूर्वी मीही तशीच घातली होती, आणि तीही घड्याळासाठीच. म्हणून या महिन्यात माझ्या घड्याळांविषयी लिहितो. चुकीची कबुली द्यायला चौऱ्याहत्तरावं वर्ष उशिराचंच, पण त्याहून उशीर नको.

आमचं शिरपूर म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला देशभरातून यात्रेकरू येतात. त्या मंदिरात दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांमध्ये पूजेच्या वेळा वाटून घेणारं वेळापत्रक १९०५ सालीच ठरलं होतं. म्हणजे एकाची वेळ कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते, याचं मोल आमच्या गावाला जुनं ठाऊक आहे. तरी माझ्या लहानपणी मनगटावर घड्याळ असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. डॉक्टर, पोस्टमास्तर, हेडमास्तर, एखाद-दुसरा व्यापारी. बाकी सगळ्यांचा दिवस सूर्यावर, मशिदीतल्या बांगेवर, मंदिराच्या घंटेवर आणि एस.टी.वर चाले. त्यातली एस.टी. सर्वांत कमी भरवशाची.

आमच्या घरी मात्र एक घड्याळ होतं. मनगटी नव्हे, गजराचं. अब्बांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं आणि सायकल तासावर जाई. दहाव्या वर्षी मी वहीत वेळ लिहायला बसू लागलो. कोण कधी घेऊन गेला, कधी आणली, किती झाले. एकदा एक गडी सायकल ढकलत घेऊन आला. वाटेत पंक्चर झाली होती. मी वहीप्रमाणे पूर्ण दोन तासांचे पैसे सांगितले. अब्बांनी वही ओढून घेतली. म्हणाले, "चालत आला तेवढा वेळ काप. तो त्याचा गेलाय, आपला नाही." इतकं सोपं गणित मला दहाव्या वर्षी समजलं होतं. चोविसाव्या वर्षी ते मी विसरलो.

मी डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो आणि १९७६ च्या मे महिन्यात माझा निकाह ठरला. सासर मंगरूळपीरकडच्या एका लहान गावातलं. सासऱ्यांना आम्ही मामू म्हणायचो. ते शिलाईकाम करायचे आणि गावातल्या मशिदीत पाच वक्त बांग द्यायचे. बांगेचा पगार नव्हता, त्यांनी कधी मागितलाही नव्हता.

त्या काळात आमच्याकडच्या लग्नांत तीन वस्तूंचं नाव हटकून निघे: घड्याळ, सायकल, रेडिओ. घड्याळ म्हणजे एचएमटी. बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं सरकारी कारखाना निघाला आणि १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिथली पहिली घड्याळं बाहेर पडली. योगायोग असा की हुंडा प्रतिबंधक कायदाही त्याच वर्षीचा, १ जुलै १९६१ पासून लागू झालेला. त्या कायद्यानं हुंड्याच्या व्याख्येतून आपला महर स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवला आहे. कारण उघड आहे. महर मुलीचा हक्क, आणि हुंडा म्हणजे तिच्या बापाकडून केलेली वसुली. कायदा आमच्या गावापर्यंत कधी आला ते कुणाला कळलं नाही. घड्याळ मात्र बरोबर आलं, आणि थेट लग्नाच्या बोलण्यांत येऊन बसलं.

बोलणी माझे बडे अब्बा करत होते. ते म्हणाले, "आम्हाला काही नको. सायकलींचं तर दुकानच आहे. फक्त मुलगा मास्तर आहे, तास घ्यायचे असतात, तेव्हा घड्याळ तेवढं लागेल." आम्हाला वाटलं, किती कमी मागितलं! मामूंनी मान डोलावली. पण एचएमटी तेव्हा दुकानात गेलं आणि आणलं असं मिळत नसे. मागणी फार, माल कमी. नंबर लावावा लागे.

निकाहाच्या दिवशी काझीसाहेब रजिस्टर उघडून बसले होते. महर पाचशे पंचवीस रुपये ठरला होता आणि रिवाजाप्रमाणे उधार लिहिला गेला. त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही. मग बडे अब्बांनी विचारलं, "आणि घड्याळ?"

मामू म्हणाले, "नंबर लावलाय, अजून आला नाही. रमजानच्या आत पोहोचवतो."

बडे अब्बा काही बोलले नाहीत. मांडवात कुणीच बोलेना. सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या एका 'राहू द्या'नं सगळं तिथंच मिटलं असतं. मी मान खाली घातली. मी रुसलो नव्हतो, हट्टही केला नव्हता. माझ्या मनात एवढंच होतं की मोठी माणसं बोलतायत, आपण कशाला मध्ये पडावं? आणि खरं सांगायचं तर घड्याळ मला हवं होतं.

मामूंनी स्वतःच्या हातावरचं घड्याळ सोडलं. सदऱ्याच्या टोकानं काच पुसली आणि ते माझ्या हातावर बांधलं. एचएमटी जनता, पांढरी डायल, चामड्याचा पट्टा. त्यांचं मनगट बारीक असल्यानं पट्ट्याला त्यांनी आतल्या बाजूला एक जादा भोक पाडलेलं होतं. पट्टा घामानं ओला होता. त्यांच्या उन्हानं रापलेल्या मनगटावर घड्याळाच्या आकाराचा फिकट गोल उरला होता. तो मी पाहिला, आणि 'कबूल' म्हणालो.

असं मी घड्याळ रोख घेतलं आणि महर उधार ठेवला.

पुढची आठ वर्षं ते घड्याळ माझ्या हातावर होतं. सकाळी फजरनंतर चावी द्यायची, कानाला लावून ठोके ऐकायचे. सेकंदाला पाच ठोके, तासाला अठरा हजार. आत सतरा ज्वेल, म्हणजे चक्रांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले बारीक कृत्रिम माणिक. घड्याळ उत्तम होतं. फक्त दिवसाला दोन मिनिटं पुढं जाई, ते मी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर लावून घेई. शाळेत पोरं ते बघायला हात पुढं ओढायची. शाळेच्या गावात मी 'घड्याळवाले मास्तर' झालो.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा जाणवली. माझ्या बायकोनं आठ वर्षांत मला एकदाही 'किती वाजले' असं विचारलं नाही. शेजारणीला विचारी, रेडिओवरून अंदाज घेई, अंगणातली सावली बघे. मला नाही.

१९८४ साली माझा धाकटा भाऊ जेद्दाहून सुट्टीवर आला आणि त्यानं माझ्यासाठी जपानी क्वार्ट्झ घड्याळ आणलं. चावी नको, फक्त बॅटरी. आत स्फटिकाचा एक बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्या मोजणीवर काटा पुढं सरकतो, म्हणून महिनाभरातही फार फरक पडत नाही. मी खूश झालो. जुनं घड्याळ काढून कपाटात टाकलं. बायको म्हणाली, "कपाटात कशाला? आता ते अब्बांना परत करा." आणि आठ वर्षांनी पहिल्यांदा बोलली.

आमच्या निकाहानंतरचा रमजान ऑगस्टच्या शेवटी लागला होता. भर पावसाळा. गावच्या मशिदीतलं भिंतीवरचं घड्याळ आधीच बंद पडलेलं, आणि मामूंचं माझ्या हातावर. एरवी तारे बघून ते पहाटेचा अंदाज घेत, पण ढगांत तारे कुठले? पहिल्या आठवड्यात एकदा त्यांनी मध्यरात्रीच गाव सेहरीला उठवलं. लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून मामूंनी झोपणंच सोडलं. तरावीह झाली की मशिदीच्या ओट्यावर बसून राहायचे आणि दर थोड्या वेळानं पावसात भिजत पोलीस पाटलांच्या ओसरीपर्यंत जाऊन, टॉर्च मारून, त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बघून यायचे. दुसऱ्या आठवड्यात पाटलांच्या लक्षात आलं. त्यांनी घड्याळ भिंतीवरून उतरवलं आणि गड्याच्या हाती मशिदीत पाठवलं. ईदपर्यंत ते तिथंच होतं.

"आणि नंबर?" मी विचारलं. "नंबर आला नाही का?"

"आला," ती म्हणाली. "पण पैसे धाकटीच्या लग्नात गेले. तिथंही घड्याळच मागितलं होतं."

वाचकहो, शहरात राहणाऱ्यांना कदाचित वाटेल की एवढं काय अडलं? वेळापत्रक भिंतीवर असतंच की. पण आमच्याकडे मुंबईत छापलेलं कॅलेंडर येई, आणि मुंबई आमच्यापासून चार अंश पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटं धरली तर आमच्याकडे सूर्य मुंबईपेक्षा साधारण पाव तास आधी उगवतो आणि आधी मावळतो. मुंबईच्या वेळेनं सेहरी संपवली तर उजाडायला लागल्यावरही आपण खात बसू, आणि इफ्तारला उगाच थांबू. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा यांतही सरासरी वीस-बावीस मिनिटांचं अंतर, कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, मिर्झापूरकडची, आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला. हा सगळा हिशेब मामू कागद न घेता करत. गावाचे रोजे त्यांच्या त्या हिशेबावर होते. आणि तो हिशेब ज्या घड्याळावर होता, ते मी घालून फिरत होतो, पोरांना दाखवत होतो.

पुढच्याच रविवारी आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. मामूंची नजर तोवर गेली होती. काचबिंदू. थोडा उजेड कळे, काटे दिसत नसत. मी घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी बोटांनी पट्टा चाचपला, आपण पाडलेलं भोक शोधलं. मग घड्याळ कानाला लावलं.

मी म्हणालो, "मामू, त्या दिवशी मांडवात मी..."

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. विचारलं, "बेटा, नीट चाललं ना तुझ्याकडे?"

"हो. फक्त रोज दोन मिनिटं पुढं जायचं."

ते हसले. "माझ्याकडेही जायचं. म्हणून मी दोन मिनिटं थांबून बांग द्यायचो."

एवढंच. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, रागावलो असंही नाही. त्यांना माझी लाज काढायची नव्हती. पण ती त्या दिवशी जेवढी वाटली तेवढी कुणी चार शिव्या दिल्या असत्या तरी वाटली नसती.

दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्या शिक्षकांमार्फत मी नागपूरहून त्यांच्यासाठी एचएमटीचंच ब्रेल घड्याळ मागवलं. त्याची काच झाकणासारखी उघडते, आणि डायलवरचे उठावाचे ठिपके व काटे बोटांनी चाचपून वेळ कळते. हजरत इब्ने उम्मे मक्तूम (र.) दृष्टिहीन होते आणि मदिनेत बांग देत, सकाळ झाल्याचं लोकांनी सांगितलं की ते देत. मामू ते घड्याळ हातावर बांधून म्हणाले, "त्यांना लोक सांगत होते. मला आता माझं बोट सांगेल." पुढं कितीतरी वर्षं ते पहाटेच्या अंधारात कुणाच्या ओसरीवर न जाता उठले. १९९३ मध्ये त्यांचं निधन झालं. ब्रेल घड्याळ त्यांच्या मुलाकडे राहिलं आणि जनता परत माझ्या बायकोकडे आलं. या वेळी वारशानं, मागून नव्हे.

मधल्या काळात आणखी एक उधारी होती. महर. १९८८ साली पगाराचा थोडा फरक मिळाला तेव्हा पाचशे पंचवीस रुपये मोजून मी बायकोसमोर ठेवले. तिनं नोटा पाहिल्या आणि म्हणाली, "बारा वर्षांपूर्वीचे पाचशे पंचवीस आणि आजचे पाचशे पंचवीस एकच का?" ती चौथी शिकलेली. मी मास्तर. बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्म्याहून कमी झाली होती. उधार महर असाच मरतो. आकडा तोच राहतो, आतली वस्तू उडून जाते. मी अब्बांची वही आठवली. त्यांनी दुसऱ्याचा गेलेला वेळ कापला होता, इथं गेलेला वेळ भरून देणं माझ्यावर होतं. दोन महिन्यांत जमवून तिप्पट रक्कम दिली. तिनं त्यातून शिलाई मशीन घेतलं, आणि उरलेल्या पैशांत स्वतःसाठी एक लहान टायटन. होसूरच्या कारखान्यातली ती घड्याळं तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. तिचा हात चाळिशीकडे झुकला होता. ते तिचं पहिलं घड्याळ. त्यानंतर एक दिवस स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तुमच्यात किती वाजले? माझ्यात सव्वासात." मी तसाच उभा राहिलो. मग सांगितलं.

बाकीच्या घड्याळांवर फार लिहिण्यासारखं नाही. २०१० मध्ये निवृत्तीच्या वेळी शाळेनं सोनेरी पट्ट्याचं दिलं, ते अजून पेटीत आहे. हजला गेलो तेव्हा हरमशेजारच्या मनोऱ्यावरचं ते प्रचंड घड्याळ पाहिलं. त्याच्या एका डायलचा व्यास त्रेचाळीस मीटर आहे, रात्री कित्येक मैलांवरून दिसतं. सगळे माना वर करून बघत होते. मला त्या उजेडात टॉर्च घेऊन पावसातून चालणारा एक शिंपी दिसला. एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला, तेव्हाही मला त्यांच्या बारीक मनगटाचीच आठवण झाली.

आता पुन्हा गेल्या महिन्यात येतो. माझ्या मुलाच्या निकाहात, २००० साली, मी स्पष्ट सांगितलं होतं, काही घेणार नाही. घेतलंही नाही. पण का घेत नाही, ते मुलाला सांगितलं नाही. बापाला मुलासमोर लाज वाटली. म्हणून ती गोष्ट त्याच्याकडून त्याच्या मुलापर्यंत पोहोचलीच नाही. मी नियम दिला, कारण लपवलं. पंचवीस वर्षांत नियम विरला आणि नातू पुन्हा मान खाली घालून बसला.

पाहुण्यांना मी म्हणालो, "मुलाशी बोलून कळवतो." ते गेल्यावर बायकोनं कपाटातून जनता काढलं, चावी दिली आणि नातवासमोर ठेवलं. मला म्हणाली, "सांगा त्याला. सगळं सांगा. मांडवातलंही."

मी सांगितलं. बडे अब्बा, नंबर, ओला पट्टा, पाटलांची ओसरी, उधार महर, काही सोडलं नाही. तो ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं, "दादा, तुम्ही तेव्हा 'नको' का म्हणाला नाहीत?"

मी म्हणालो, "तू आज का म्हणाला नाहीस?"

तो उठून ओट्यावर गेला. थोड्या वेळानं फोनवर त्याचा आवाज आला. "चच्चा, अस्सलामु अलैकुम. मला घड्याळ नको. काहीच नको. मघाशीच म्हणायला हवं होतं." आत आला आणि विचारलं, "महर किती ठरवावा?"

"आधी बँकेत किती आहे ते बघ," मी म्हणालो. "जेवढा त्याच दिवशी तिच्या हातात देता येईल तेवढा."

बंधू-भगिनींनो, मुलीकडचे 'मुलाची काही इच्छा?' असं विचारतात तेव्हा आपण म्हणतो, आम्ही काही मागितलं नाही, त्यांनी खुशीनं दिलं. मीही आठ वर्षं असंच म्हणत होतो. त्या क्षणी गप्प राहणं हेही मागणंच असतं. घरात लग्न निघालं असेल तर मुलाला आधीच बसवून सांगा, की हा प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर त्यालाच द्यायचं आहे, आपल्या तोंडानं, मोठ्यांच्या आडून नव्हे. आणि तुमच्यातल्या कुणाचा महर अजून उधार असेल, तर आकडा जुना असला तरी हिशेब आजचा धरा.

मामूंचं घड्याळ आता रोज चावी देऊन चालू ठेवतो. अजूनही दिवसाला दोन मिनिटं पुढं जातं. दुरुस्त करून घेतलेलं नाही.